त्याच वेगाला कमी श्वास

माझा व्हीओटूमॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू घेऊ शकतं तो आकडा, चांगला होता, वेळ मात्र सुधारत नव्हती. हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत होती. आठवड्याचे किलोमीटर भरत होते, इंटरव्हल नियमित होते, झोपही पुरेशी होती. तरी ज्यांचा व्हीओटूमॅक्स माझ्यापेक्षा कमी आहे, अशा दोघी-तिघी प्रत्येक शर्यतीत माझ्या बऱ्याच पुढे असायच्या. आमच्या प्रशिक्षक सरांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही जास्तीत जास्त किती प्राणवायू घेऊ शकता ते आपल्याला माहीत आहे. तुम्हाला नेहमीच्या वेगाला किती लागतो, ते एकदा मोजून घेऊ या."

लांब पल्ल्याच्या धावपटूची कामगिरी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. कमाल प्राणवायू किती घेता येतो, त्यातला किती हिस्सा तासन्‌तास वापरता येतो, आणि एका ठरावीक वेगाला शरीर किती प्राणवायू खर्च करतं. ही तिसरी गोष्ट म्हणजे रनिंग इकॉनॉमी. पहिल्या दोन्हींबद्दल धावणारे भरपूर बोलतात, तिसरीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण ती मनगटावरच्या घड्याळात नीट दिसत नाही. कॉन्ली आणि क्राहेनबूल या संशोधकांनी १९८० साली जवळपास सारखाच व्हीओटूमॅक्स असलेले १२ कसलेले धावपटू घेतले होते. त्यांच्या १० किलोमीटरच्या वेळांमधला सुमारे ६५ टक्के फरक एकट्या या इकॉनॉमीने उलगडला. हे वाचलं तेव्हा त्या दोघी-तिघी माझ्या पुढे का असतात, याचं उत्तर मला पहिल्यांदा समोर दिसलं.

चाचणी ऐकायला साधी वाटते. नाक-तोंड झाकणारा मास्क, त्यातून निघालेली नळी, छातीला हृदयगतीचा पट्टा आणि ट्रेडमिल. पण मास्क लावला की स्वतःचाच श्वास कानात इतका मोठ्याने घुमतो की पहिली काही मिनिटं आपण उगाचच जोरात श्वास घेत राहतो. त्यामुळे आधी बराच वेळ नुसतं सवयीसाठी धावायला लावतात. मग एकेका वेगाला चार-पाच मिनिटं, मध्ये थोडी विश्रांती, बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब, पुन्हा पुढचा वेग. प्राणवायूचा आकडा सुरुवातीला चढतो आणि मग एका जागी स्थिरावतो. घ्यायचा तो हा स्थिरावलेला आकडा. तो स्थिर होतच नसेल, म्हणजे वेग आपल्याला झेपण्यापलीकडचा असेल, तर त्या टप्प्याला इकॉनॉमी मोजण्यात अर्थ राहत नाही. ट्रेडमिलला एक टक्का चढ दिला होता, कारण बाहेर धावताना हवा कापावी लागते आणि आत ती लागत नाही.

ताशी १० किलोमीटरला माझा खर्च आला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३७ मिलिलिटर. म्हणजे किलोमीटरला २२२. सराव असलेल्या धावपटूंमध्ये हा आकडा साधारण २०० च्या आसपास असतो, अव्वल दर्जाचे त्याच्याही खाली जातात. माझी कमाल क्षमता ४९ भरली, म्हणजे ज्याला मी निवांत पेस म्हणत होते, तिथेच मी क्षमतेचा पाऊण हिस्सा वापरत होते. निवांत धावेनंतर पाय का भरून येतात, हे कोडं मला कित्येक महिने छळत होतं. ते एका आकड्यात सुटलं.

त्याच दिवशी बाजूने आणि मागून व्हिडिओ घेतला. तो हळू करून फ्रेम-फ्रेम बघताना माझी ढांग मला पहिल्यांदा दिसली. पाऊल टेकतं त्या क्षणी ते शरीराच्या बरंच पुढे, गुडघा जवळजवळ सरळ आणि नडगी तिरकी, घोटा गुडघ्याच्या पुढे. असं पाऊल टेकलं की प्रत्येक वेळी थोडा ब्रेक लागतो आणि गेलेला वेग परत मिळवायला पुन्हा ढकलावं लागतं. मिनिटाला पावलं होती १६०, म्हणजे त्या वेगाला एक पाऊल १.०४ मीटरचं. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर बरंच वर उचललं जात होतं आणि डावा हात छातीसमोरून आडवा जात होता.

मी वहीत लगेच सहा-सात सुधारणा लिहून काढल्या. सरांनी त्यातली एकच ठेवली. "बाकीच्या आपण करायच्या नाहीत. त्या झाल्या तर होतील."

याचं कारण त्यांनी जे दिलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. माणूस बराच काळ धावत असेल तर त्याची ढांग त्याच्या त्या वेळच्या शरीराला बहुतेक परवडणारीच असते. १९८२ मध्ये कॅव्हना आणि विल्यम्स यांनी धावपटूंना स्वतःच्या नेहमीच्या ढांगेपेक्षा लांब आणि आखूड ढांगांनी धावायला लावून प्राणवायू मोजला. बहुतेकांची स्वतः निवडलेली ढांग सर्वांत स्वस्त ढांगेच्या अगदी जवळ निघाली. पुढे ट्रायथलॉन खेळणाऱ्यांना १२ आठवडे शिकवून त्यांची सगळी शैलीच बदलायचा प्रयोग झाला. त्यांची ढांग आखूड झाली खरी, पण त्याच वेगाचा खर्च वाढला. शरीर तेच ठेवून वरून वळण बदललं, तर स्नायूंना अनोळखी काम करावं लागतं आणि त्याचं बिल प्राणवायूतच येतं.

देखणं धावणं आणि काटकसरीचं धावणं यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं जवळचं नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. त्याची मान एकीकडे कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, खांदे हलत असायचे. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिची मान प्रत्येक पावलाला डोलायची. हाताबद्दल मात्र एक गोष्ट मोजलेली आहे. डोक्यावर हात ठेवून धावलं तर खर्च सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो, पाठीमागे बांधून धावलं तर ३ टक्क्यांनी. म्हणजे हात हलले पाहिजेत हे नक्की. माझा हात हलत होता, जरा आडवा का होईना. सर म्हणाले, "राहू दे तो हात."

जी एक सुधारणा ठेवली ती केडन्सची, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांची. तीसुद्धा फक्त हलक्या धावांमध्ये आणि सुमारे ५ टक्केच, म्हणजे १६० वरून १६८. यामागचा पहिला हेतू प्राणवायू वाचवण्याचा नव्हताच. पावलांची गती ५ ते १० टक्के वाढवली की गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो, हे २०११ मध्ये हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. पुढे वजनं उचलायची, उड्या मारायच्या, किलोमीटर वाढवायचे होते, तेव्हा गुडघे शाबूत राहायला हवे होते. मिनिटाला १८० पावलं हवीतच, या सरसकट सांगितल्या जाणाऱ्या आकड्याचा सरांना फार तिटकारा. धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पावलं मोजली आणि बहुतेकांची १८० च्या वर भरली, हे खरं आहे. पण ते जगातले उत्तम धावपटू शर्यतीच्या वेगात होते. वेग वाढला की केडन्स वाढतेच. किलोमीटरला सहा मिनिटांच्या पेसला रमतगमत धावणाऱ्या माणसाने तोच आकडा गाठायचा अट्टाहास धरला, तर तो पायांना नुसता घाईला लावतो.

ठरावीक ठेका देणारा मेट्रोनोम कानात लावून मी हलक्या धावेत अधूनमधून थोडा वेळ त्या ठेक्यावर धावायचे, बाकी वेळ तो बंद. सुरुवातीला पोटऱ्या लवकर दमायच्या. पाऊल शरीराच्या जवळ टेकायला लागलं की गुडघ्यावरचं काम पोटरीकडे आणि घोट्याकडे सरकतं, त्यामुळे हे व्हायचंच होतं. म्हणूनच त्याच्या जोडीला पोटरीचा व्यायाम सुरू केला.

खरं काम इथून सुरू झालं, आणि ते बहुतेक सगळं धावण्याच्या बाहेरचं होतं. आठवड्यातून दोनदा जड वजनं. जड म्हणजे पाच-सहा आवर्तनांतच पाय थांबवायला सांगतील इतकी. स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावरचा स्टेप-अप आणि पोटरीसाठी उभ्याने आणि बसून काफ रेज, म्हणजे टाचा उचलणं. धावणाऱ्यांमध्ये हलक्या वजनाची वीस-पंचवीस आवर्तनं काढायची पद्धत रूढ आहे. दमसास तर धावून मिळतोच, मग तोच पुन्हा वजनांतून कशाला मिळवायचा? वजनांकडून हवी असते ती स्नायूंची ताकद आणि कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा, ताठपणा.

कंडरांचं हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. पाऊल टेकतं तेव्हा टाचेमागची अकिलीस कंडरा आणि तळपायाची कमान ताणली जाते आणि पाऊल उचलताना ते ताण परत देतात. मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हिशेब मांडला होता. एका पावलात शरीराची जितकी ऊर्जा शोषली जाऊन परत वापरली जाते, त्यातली साधारण ३५ टक्के अकिलीस कंडरेत आणि १७ टक्के कमानीत साठते. म्हणजे निम्मं काम स्नायूंनी नव्याने करायची गरजच पडत नाही. पण कंडरेचा हा फायदा घ्यायचा तर तिला जोडलेला स्नायू घट्ट धरून राहिला पाहिजे. पोटरीच ढिली पडली तर ताण कंडरेत साठायच्या ऐवजी स्नायूतच विरून जातो.

हे मला कागदावर कळलं होतं, अंगात उतरलं ते पायरीच्या कडेला. एका पायाचा चवडा कडेवर, टाच हवेत. तीन मोजत वर, वर क्षणभर थांबायचं, तीन मोजत टाच पायरीच्या खाली. उजवा पाय हे मुकाट्याने करायचा. डाव्याचा घोटा सातव्या-आठव्या वेळी बाहेरच्या बाजूला कलायला लागायचा आणि सगळा भार करंगळीकडे जायचा. अंगठ्याच्या मुळाशी भार धरून ठेवायचा म्हटलं की पोटरीच्या आतल्या बाजूला थरथर सुटायची. व्हिडिओत डावा हातच आडवा जात होता, आणि डाव्या पायाची ही कुवत इतकी कमी निघाली, तेव्हा मी सरांकडे बघितलं. त्यांनी काही ठाम सांगितलं नाही. "बघू," एवढंच म्हणाले.

वजनांचा पाया झाल्यावर उड्या आल्या. जागच्या जागी, गुडघे फारसे न वाकवता, घोट्यातून. जमिनीला फक्त चवडा लागायचा. इथे कान कामाला येतात. पाय ढिला असला की 'धप' असा आवाज येतो, ताठ असला की 'टप'. सर माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि दोन-तीन धप सलग ऐकू आले की संच थांबवायचे, मग आवर्तनं पुरी झालेली असोत वा नसोत. दमलेल्या पायाने मारलेल्या उड्या शरीराला ढिलेपणाच शिकवतात, असं त्यांचं मत. लीना पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या प्रयोगात धावपटूंनी नऊ आठवडे आपल्या सरावाचा सुमारे तिसरा हिस्सा अशा उड्या, स्प्रिंट आणि झटक्याच्या वजनांना दिला होता. त्यांचा व्हीओटूमॅक्स वाढला नाही, तरी ५ किलोमीटरची वेळ सुधारली आणि इकॉनॉमीही. मला त्या प्रयोगातला सर्वांत आश्वासक भाग हा वाटला की किलोमीटर कमी करूनही त्यांचं काही गेलं नाही.

चढावरची धाव आणि स्ट्राइड्स यांच्याबद्दल थोडक्यात. चढावर पाऊल पुढे टाकायला जागाच नसते, ते शरीराखालीच टेकतं. कोणी न सांगता. स्ट्राइड्स म्हणजे हलक्या धावेच्या शेवटी वीसेक सेकंदांचे मोकळे, वेगवान पण जोर न लावलेले तुकडे, मध्ये पूर्ण विश्रांती. त्यात मी काहीही सुधारायला बघत नसे.

आणि या सगळ्याखाली हलके किलोमीटर. त्यांचं काम दिसत नाही म्हणून त्यांना कमी लेखलं जातं. नव्याने धावू लागलेल्या महिलांच्या एका अभ्यासात, २०१२ मध्ये, त्यांना शैलीबद्दल काहीही न शिकवता दहा आठवडे नुसतं धावायला लावलं. त्याच वेगाला त्यांचा प्राणवायू कमी लागू लागला, आणि पाऊल मागे उचलताना गुडघा किती सरळ होतो यासारख्या बारीक गोष्टी आपोआप बदलल्या. धावता धावता शरीर स्वतःच स्वस्त मार्ग शोधत जातं. त्यासाठी त्याला पुष्कळ पावलं हवीत आणि ती न दमता टाकलेली हवीत.

मधला काळ कठीण गेला. वजनांच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पेसला हृदयगती चढलेली असायची, पाय जड. दुखऱ्या स्नायूंना त्याच वेगाला जास्त प्राणवायू लागतो, हे माहीत असूनही रोजच्या रोज तो आकडा बघून मन खट्टू व्हायचं. मग आम्ही आठवडा वेगळा बांधला. कठीण धाव आणि वजनं एकाच दिवशी, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे हलके दिवस खरोखर हलके राहतील. हा बदल कुठल्याही एका व्यायामापेक्षा जास्त उपयोगी पडला असं मला वाटतं. तोवर माझा एकही दिवस पूर्ण हलका नव्हता.

हंगाम संपताना पुन्हा चाचणी झाली. तीच ट्रेडमिल, दिवसाची तीच वेळ, त्याच जातीचे बूट, आदल्या दिवशी विश्रांती. हे सगळं सारखं ठेवावं लागतं, कारण एकाच माणसाचा आकडा एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी दोन-तीन टक्क्यांनी सहज हलतो. एका टक्क्याची सुधारणा दिसली तर ती मानायची नाही. ताशी १० किलोमीटरला यावेळी ३५.१ आले. किलोमीटरला २१०च्या जरा वर, म्हणजे पाच टक्क्यांची बचत. कमाल क्षमता ४९.५, म्हणजे होती तिथेच. निवांत पेसला आता मी क्षमतेचे ७१ टक्के वापरत होते.

नंतर दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. ट्रेडमिलवर मेट्रोनोम नव्हता, कोणी काही सुचवलं नव्हतं, तरी केडन्स १६८ होती आणि पाऊल मीटरच्या किंचित आत आलं होतं. पाऊल टेकताना नडगी जवळजवळ उभी. अंग वर-खाली कमी होत होतं. वहीतल्या त्या सहा-सात ओळींतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी मी कधी हात न लावता बदललेल्या होत्या. डावा हात अजून आडवा जात होता, पण पहिल्यापेक्षा कमी. सरांनी तो भाग दोनदा मागे नेऊन पाहिला.

त्याच वेगाला ढांग आखूड होणं हे जुनं निरीक्षण आहे. नेल्सन आणि ग्रेगर यांनी १९७६ मध्ये कॉलेजच्या धावपटूंचा काही वर्षांचा मागोवा घेऊन हेच नोंदवलं होतं. पण वेग वाढवला की चित्र पलटतं. ताशी १३ ला माझी ढांग आता पहिल्यापेक्षा लांब भरली, कारण पाय मागे जास्त जोराने ढकलत होता. पाऊल पुढे फेकून लांबवलेली ढांग आणि मागे ढकलून लांबलेली ढांग मोजपट्टीवर सारखी दिसते. शरीराला त्यांचा खर्च फार वेगवेगळा येतो.

हे किती काळ सुधारत राहू शकतं याचा विचार करताना मला नेहमी पॉला रॅडक्लिफच्या नोंदी आठवतात. शरीरक्रियेचे संशोधक अँड्र्यू जोन्स यांनी १९९२ ते २००३ अशी तिची मोजमापं केली. तिचा व्हीओटूमॅक्स त्या सगळ्या काळात सुमारे ७० वर जवळपास तसाच राहिला, पण इकॉनॉमी सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली. २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावली. अकरा वर्षांत १५ टक्के. एका हंगामातले माझे पाच टक्के या वेगाने पुढे जाणार नाहीत, हे मला कळतं, कारण मी बऱ्याच वरच्या आकड्यावरून सुरुवात केली होती आणि सुरुवातीचं लवकर मिळतं. तळव्यात कार्बनची ताठ पट्टी असलेल्या बुटांनीही काही टक्के मिळतात, तेही मोजलेलं आहे. ते शर्यतीला वापरते. सरावात नाही, कारण तिथे मला माझ्या कमानीला आणि पोटरीला काम द्यायचं असतं.

आता आमचं लक्ष दमल्यानंतरच्या धावण्याकडे आहे. चाचणी ताज्या पायांची होते, शर्यत मात्र शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये ठरते, आणि तिथे प्रत्येकाचा खर्च वाढतो. लाँग रनच्या शेवटी मी केडन्स आणि पावलांचा आवाज बघते. धप यायला लागली की त्या दिवसापुरतं अंतर पुरे.

चाचणीची सोय नसेल त्यांच्यासाठी सरांनी सांगितलेली पद्धत देते. एक सपाट फेरी ठरवायची, सहज बोलता येईल असा एकच पेस ठरवायचा आणि पुरेसं वॉर्म-अप करून वीसेक मिनिटं त्याच पेसला धावायचं. शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी हृदयगती आणि केडन्स लिहून ठेवायची. महिन्यातून एकदा पुरे. आदल्या दिवशी वजनं नकोत, झोप झालेली हवी, बूट तेच. उन्हाळ्यात हृदयगती वाढतेच, त्यामुळे तुलना करायची ती सारख्या हवेतल्या धावांचीच. आणि दोन-तीन ठोक्यांचा फरक पडला तर तो सोडून द्यायचा.